सोलापूरच्या गच्चीवर ओळखलेले ग्रह अतिउत्तरेत कसे शोधावेत

२१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी गुरू आणि शनी एकमेकांपासून जेमतेम एक दशांश अंशावर आले होते. सोलापुरात आमच्या गच्चीवरून, पाण्याच्या टाकीच्या डाव्या अंगाला, पावणेसातच्या सुमारास ते क्षितिजापासून साधारण १८ अंश उंचीवर स्वच्छ दिसले. माझी भाची तेव्हा नॉर्वेमधील ट्रॉम्सो येथे शिकत होती. मी तिला आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवले होते, की सूर्य मावळल्यावर पाऊण तासाने नैर्ऋत्येला बघ, म्हणजे चुकणार नाही. ती थंडीत पुलावर जाऊन बराच वेळ उभी राहिली आणि तिला काहीच दिसले नाही. दोष तिच्या डोळ्यांचा नव्हता, माझ्या सांगण्याचा होता. ट्रॉम्सोत त्या दिवशी सूर्य मावळला नव्हता, कारण तो उगवलाच नव्हता. आणि ते दोन ग्रह तिथल्या क्षितिजाला जेमतेम स्पर्श करून, भर दुपारनंतरच्या उजेडात, डोंगरांच्या आड निघून गेले होते.

त्या चुकीनंतर मी हा विषय नीट समजून घेतला. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट अशा गावांतून आकाश ओळखायला शिकून पुढे शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलंड या देशांत गेलेल्यांना, आणि इथे राहून त्यांना फोनवर ग्रह दाखवू पाहणाऱ्या घरच्यांना उपयोग व्हावा, म्हणून तो येथे मांडतो आहे. ग्रह दोन्हीकडे तेच असतात आणि ताऱ्यांमधून जाण्याचा त्यांचा रस्ताही तोच असतो. बदलतो तो त्या रस्त्याचा क्षितिजाशी होणारा कोन, आणि अतिउत्तरेत गेलेल्या माणसाचे सगळे अंदाज चुकतात ते या एका कोनामुळे.

आधी रस्ता ओळखावा

सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या मार्गाने फिरलेला दिसतो त्याला आपण क्रांतिवृत्त म्हणतो. चंद्र या मार्गापासून फार तर ५ अंश बाजूला जातो आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणारे पाचही ग्रह याच मार्गाच्या आसपास राहतात. त्यामुळे आकाशात कुठेतरी चमकणारा ठिपका पाहून ‘हा ग्रह असेल का’ असे विचारण्याऐवजी हा रस्ता डोळ्यांत बसवावा आणि मग त्यावर कोण उभे आहे ते पाहावे. आपल्याकडे नक्षत्रांची नावे घराघरांत ठाऊक असतात, त्याचा येथे मोठा फायदा होतो. कृत्तिकांचा पुंजका, रोहिणी, पुनर्वसू, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा ही या रस्त्यालगतची ठळक खूण आहे. ही मालिका एकदा पाठ झाली, की तिच्या ओळीत न बसणारा तेजस्वी ठिपका दिसताच तो ग्रह आहे हे कळते. फक्त मंगळाच्या बाबतीत थोडी सावधगिरी बाळगावी, कारण रोहिणी आणि ज्येष्ठा हे दोन्ही तारे लालसर आहेत आणि मंगळ त्यांच्याजवळ असला, की नवखा माणूस हमखास गोंधळतो.

ज्याला ताऱ्यांची सवय नाही त्याने चंद्राचा हात धरावा. चंद्र दर महिन्याला प्रत्येक ग्रहाच्या शेजारून जातो. दिनदर्शिकेत किंवा पंचांगात चंद्र आणि ग्रहाच्या युतीचा दिवस पाहून त्या रात्री चंद्राच्या आजूबाजूला पाहिले, तर ग्रह आपोआप सापडतो. ही युक्ती सोलापुरात चालते तशीच ट्रॉम्सोतही चालते, मात्र त्या दिवशी तिथे चंद्र क्षितिजावर आला पाहिजे. तिथे महिन्यातले काही दिवस चंद्र मावळतच नाही आणि काही दिवस उगवतच नाही, हे आपल्याकडून गेलेल्याला पहिल्यांदा फार विचित्र वाटते.

अंतर मोजायला हात पुरतो. हात पूर्ण लांब करून एक डोळा मिटला, की करंगळीची रुंदी सुमारे १ अंश, मधल्या तीन बोटांची ५ अंश, मुठीची १० अंश आणि ताणलेल्या वितीची सुमारे २० अंश भरते. उत्तरेत जाड हातमोजा घातलेल्या मुठीने मोजू नये. मोजण्यापुरता तो काढावा, नाहीतर १० अंशांचे १३-१४ कधी होतात ते कळत नाही.

बादली आणि चेंडू

कोनाची गोष्ट शब्दांनी समजावण्यापेक्षा करून पाहणे सोपे आहे. मुलांचा एक प्लास्टिकचा चेंडू घ्यावा. त्यावर एका ठिकाणी ध्रुवताऱ्याचा ठिपका काढावा आणि त्या ठिपक्यापासून सगळीकडून सारख्या अंतरावर, चेंडूच्या बरोबर मध्यावर, एक रेघ फिरवावी. हे खगोलीय विषुववृत्त झाले. आता रेघेपासून ध्रुवाच्या ठिपक्यापर्यंतचे जे अंतर आहे त्याच्या पाव भागावर, रेघेच्या वरच्या बाजूला, एक लाल ठिपका आणि तेवढ्याच अंतरावर खालच्या बाजूला एक निळा ठिपका काढावा. क्रांतिवृत्त विषुववृत्ताशी सुमारे २३.४ अंशांचा कोन करते, म्हणून ग्रहांच्या रस्त्याचे सर्वांत उत्तरेचे टोक लाल ठिपक्याच्या पट्ट्यात येते आणि सर्वांत दक्षिणेचे टोक निळ्या ठिपक्याच्या.

बादलीतल्या पाण्यात चेंडू अर्धा बुडवून धरावा. पाण्याची पातळी म्हणजे क्षितिज. सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ अंश उत्तर आहे आणि ध्रुवतारा कोणत्याही गावाहून जवळजवळ त्या गावाच्या अक्षांशाइतक्या उंचीवर दिसतो, म्हणून ध्रुवाचा ठिपका पाण्याच्या थोडाच वर, दोन मुठींपेक्षा किंचित कमी उंचीवर राहील असा चेंडू धरावा आणि ध्रुवाच्या अक्षाभोवती हळूहळू फिरवावा. लाल आणि निळा, दोन्ही ठिपके पाण्यातून जवळजवळ उभे वर येतात, बराच वेळ वर राहतात आणि तसेच उभे बुडतात. आता ध्रुवाचा ठिपका वर उचलून पाण्यापासून ७० अंशांवर आणावा, कारण ट्रॉम्सोचा अक्षांश जवळजवळ तेवढा आहे, आणि पुन्हा फिरवावे. लाल ठिपका पाण्यात बुडतच नाही आणि निळा पाण्याबाहेर येतच नाही. रेघेवरचा कोणताही बिंदू पाण्याबाहेर येतो खरा, पण तिरका, पाण्याला घासत घासत. माझ्या भाचीला मी व्हिडिओ कॉलवर हा प्रयोग दाखवला, तेव्हा निळा ठिपका पाण्याखालूनच गोल फिरून गेलेला पाहून ती म्हणाली, “मामा, म्हणजे त्या दिवशी गुरू माझ्या पायाखालून गेला.” तिचे म्हणणे जवळजवळ बरोबर होते.

आकड्यांत सांगायचे, तर ग्रह दक्षिणेला सर्वांत उंच येतो तेव्हाची त्याची उंची ९० मधून अक्षांश वजा करून त्यात ग्रहाची क्रांती मिळवली की निघते. क्रांती म्हणजे विषुववृत्तापासूनचे अंतर; ते उत्तरेकडे असेल तर मिळवावे, दक्षिणेकडे असेल तर वजा करावे. या हिशेबाने रस्त्याचे दक्षिणेचे टोकसुद्धा सोलापुरात ४९ अंशांपर्यंत चढते आणि उत्तरेचे टोक डोक्यावरून पलीकडे, उत्तरेकडे ६ अंश कलते. म्हणूनच आपण गच्चीवर सोलापुरी चादर अंथरून उताणे पडतो आणि ग्रह सापडतात. ट्रॉम्सोत मात्र हेच आकडे उत्तर टोकासाठी ४४ अंश आणि दक्षिण टोकासाठी क्षितिजाच्या खाली ३ अंश असे येतात. तिथे उताणे पडून काही उपयोग नाही. ग्रह डोक्यावर कधीच येत नाहीत. उभे राहून समोर पाहावे लागते, आणि समोरची बाजू मोकळी असावी लागते.

पंचांग हाताशी असेल तर

सोलापूरकराच्या घरी पंचांग असतेच. दाते पंचांग तर आपल्या सोलापुरातूनच निघते. त्यात ग्रह कोणत्या राशीत किती अंशांवर आहे ते दिलेले असते आणि अतिउत्तरेतल्या माणसासाठी हीच माहिती सर्वांत मोलाची आहे. पंचांगातल्या राशी निरयन असतात, म्हणजे त्या वसंतसंपाताऐवजी (सूर्य मार्चमध्ये विषुववृत्त ओलांडतो त्या बिंदूऐवजी) ताऱ्यांना धरून मोजलेल्या असतात, आणि सध्या या दोन मोजण्यांत सुमारे २४ अंशांचा फरक आहे. हा फरक लक्षात घेऊन मी ट्रॉम्सोसाठी हिशेब केला तो असा: पंचांगात ग्रह वृषभेच्या साधारण ७ अंशांपासून कर्केच्या ५ अंशांपर्यंत असेल, तर तो ट्रॉम्सोत मावळत नाही, आणि वृश्चिकेच्या ७ अंशांपासून मकरेच्या ५ अंशांपर्यंत असेल, तर तो तिथे उगवत नाही. ग्रह क्रांतिवृत्तापासून थोडा वरखाली असतो आणि क्षितिजाजवळ हवेमुळे प्रकाश वाकतो, म्हणून या सीमांच्या आसपास अंश-दोन अंशांचा फरक पडेल, पण ढोबळ अंदाजाला हा नियम पुरेसा आहे. परदेशी ज्योतिषविषयक संकेतस्थळांवर दिलेल्या राशी सायन, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या असतात, त्या या नियमात घालू नयेत. उत्तर जवळजवळ एका राशीने चुकेल.

या नियमाचा परिणाम केवढा मोठा असतो, ते शनीवरून कळते. शनी एका राशीत अडीच वर्षे राहतो, हे साडेसातीच्या हिशेबामुळे आपल्याला ठाऊक असते. वृश्चिकेच्या शेवटापासून धनू ओलांडेपर्यंतच्या त्याच्या मुक्कामात, म्हणजे २०१७, २०१८ आणि २०१९ या तीन वर्षांत, तो सोलापुरात दक्षिणेला पन्नास अंशांच्या आसपास छान दिसत होता आणि ट्रॉम्सोच्या क्षितिजावर येतच नव्हता. तिथे त्या काळात दुर्बीण विकत घेतलेल्या माणसाला शनीचे कडे पाहण्यासाठी दक्षिणेकडे प्रवास करणे एवढाच मार्ग होता. सध्या शनी मीनेत आहे, विषुववृत्ताच्या जवळ आहे, आणि ४ ऑक्टोबर २०२६ रोजी त्याची सूर्याशी प्रतियुती आहे, म्हणजे तो आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला असेल. त्या सुमारास तो ट्रॉम्सोत मध्यरात्री दक्षिणेला दोन मुठींच्या थोडा वर सापडेल. यापुढची काही वर्षे तो उत्तरेकडे सरकत जाईल, तेव्हा तिथे राहणाऱ्यांसाठी हा काळ चांगला आहे.

मंगळाचे उदाहरण तर याहून ठळक आहे. २७ जुलै २०१८ ची मंगळाची प्रतियुती फार जवळची होती आणि तो गुरूपेक्षाही तेजस्वी झाला होता. त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती आणि रात्री खग्रास चंद्रग्रहणही होते. सोलापुरात ढगांतून जेव्हा जेव्हा फट मिळाली तेव्हा तो दक्षिणेला ४७ अंशांवर निखाऱ्यासारखा दिसला. ट्रॉम्सोत तो क्षितिजाखाली पाच अंशांवरून फिरत होता, शिवाय जुलैमुळे तिथे काळोखच नव्हता. मंगळाची यापुढची प्रतियुती १९ फेब्रुवारी २०२७ रोजी आहे. त्या वेळी मंगळ लांब असेल आणि म्हणून बराच फिका असेल, पण तो मघा नक्षत्राच्या परिसरात, विषुववृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे अतिउत्तरेत राहणाऱ्याने २०१८ चा मंगळ विसरून या मंगळाची वाट पाहावी.

शुक्र आणि बुध

हे दोन ग्रह सूर्याच्या जवळ राहतात. शुक्र सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जात नाही आणि बुध २८ अंशांपलीकडे. त्यामुळे त्यांच्यासाठी संध्याकाळी किंवा पहाटे क्रांतिवृत्त क्षितिजावर किती उभे आहे हेच सर्वस्व ठरते. सोलापुरात हा कोन ऋतुमानाप्रमाणे सुमारे ४९ पासून जवळजवळ ९० अंशांपर्यंत बदलतो. म्हणजे अगदी वाईट दिवसांतही रस्ता बऱ्यापैकी उभा असतो. ट्रॉम्सोत तो वसंतातल्या संध्याकाळी ४४ अंशांपर्यंत जातो आणि शरदातल्या संध्याकाळी जवळजवळ शून्यावर येतो, म्हणजे रस्ता क्षितिजावर आडवाच झोपतो.

येत्या १५ ऑगस्ट २०२६ रोजी शुक्र संध्याकाळच्या आकाशात सूर्यापासून ४६ अंश दूर असेल. सोलापुरात पावसाळी ढगांनी वाट दिली, तर तो सूर्यास्तानंतर सुमारे अडीच तासांनी मावळेल आणि पश्चिमेला कोणाचेही लक्ष वेधून घेईल. त्याच दिवशी ट्रॉम्सोत शुक्र सूर्याच्या आधी मावळेल. हे पहिल्यांदा हिशेबात आले तेव्हा माझा विश्वास बसला नाही, म्हणून मी तो पुन्हा करून पाहिला. सूर्यापासून इतका दूर गेलेला, आकाशातला तिसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी गोल तिथल्या माणसाला संध्याकाळी दिसणारच नाही, कारण ऑगस्टमध्ये सूर्य विषुववृत्ताच्या बराच उत्तरेला असतो आणि शुक्र तेव्हा दक्षिणेला उतरलेला असेल.

याच्या उलट बाजू एप्रिल २०२० मध्ये दिसली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत सोलापूरचे रस्ते ओस होते, माणसे गच्च्यांवर होती आणि ३ एप्रिलच्या सुमारास शुक्र कृत्तिकांच्या पुंजक्यातून जात होता. आमच्या गल्लीत चार गच्च्यांवरून एकमेकांना हाका मारत लोकांनी ते पाहिले. ट्रॉम्सोत त्या दिवसांत शुक्र मावळतच नव्हता. मध्यरात्रीनंतर तो उत्तर क्षितिजावर तीन-चार अंशांवरून सरकून पुन्हा वर येत होता. शुक्राची ही चाल दर ८ वर्षांनी जवळजवळ त्याच तारखांना परत येते, त्यामुळे एप्रिल २०२८ च्या पहिल्या आठवड्यात शुक्र पुन्हा कृत्तिकांपाशी असेल. अतिउत्तरेत राहणाऱ्यांनी ही तारीख आताच लिहून ठेवावी आणि त्या रात्री उत्तरेकडची मोकळी जागाही आधीच शोधून ठेवावी, कारण उत्तर क्षितिजालगत ग्रह पाहण्याची संधी आपल्याकडे सोलापुरात कधीच मिळत नाही.

यावरून नियम असा निघतो, की अतिउत्तरेत संध्याकाळचा शुक्र किंवा बुध फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शोधावा आणि पहाटेचा सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात. बाकीच्या महिन्यांत बुधासाठी धडपड करू नये. पंचांगात दिलेले शुक्राचे व गुरूचे अस्तोदयही तिथे लागू पडत नाहीत. अस्त म्हणजे ग्रह सूर्याच्या तेजात हरवणे, आणि रस्ता जितका आडवा तितका तो हरवण्याचा काळ लांबतो. लग्नाच्या मुहूर्तासाठी पाहिलेला अस्त आपल्या अक्षांशाचा असतो. नॉर्वेतल्या आकाशाला तो लावू नये.

प्रत्यक्ष पाहताना

सर्वांत आधी दक्षिण दिशा पक्की करावी. सोलापुरात ध्रुवतारा बेताच्या उंचीवर असल्यामुळे त्याच्याकडे पाठ केली, की दक्षिण मिळते. ट्रॉम्सोत तो इतका वर असतो, की त्याच्यापासून सरळ खाली क्षितिजापर्यंत रेघ ओढताना दहा-पंधरा अंशांची चूक सहज होते, आणि होकायंत्राची सुईही तिथे खऱ्या उत्तरेपासून बरीच बाजूला राहते. खात्रीचा मार्ग असा, की नकाशावर एखादा सरळ रस्ता किंवा पूल पाहून त्याची दिशा ठरवावी, किंवा हिवाळ्यात पावणेबारा-बाराच्या सुमारास क्षितिजावरचा उजेड सर्वांत जास्त कुठे आहे ते पाहून तिथली एखादी इमारत, एखादे शिखर ध्यानात ठेवावे. तीच दक्षिण.

मग जागा. आपल्याकडे गावाबाहेर पडले, हिप्परग्याच्या तलावाच्या बाजूला किंवा बार्शी रस्त्याने नान्नजच्या माळाकडे गेले, की चारही दिशांना सपाट क्षितिज मिळते. ट्रॉम्सो हे बेटावरचे शहर आहे आणि भोवती डोंगर आहेत. आग्नेयेकडचा ट्रॉम्सदालस्टिंड १२३८ मीटर उंच आहे. गणिताने सूर्य तिथे १५ जानेवारीच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा चालू असते त्याच दिवसांत, क्षितिजावर परततो. पण डोंगरांमुळे गावात तो २१ जानेवारीच्या आसपास दिसतो. सूर्याची ही गत, तर पाच-सात अंशांवरून सरकणाऱ्या ग्रहाची काय होईल, याचा विचार करूनच उभे राहण्याची जागा निवडावी. पाण्याच्या कडेने, ज्या बाजूचा ग्रह पाहायचा त्या बाजूला फ्योर्डचे, म्हणजे डोंगरांमधल्या चिंचोळ्या खाडीचे, तोंड उघडे असेल, तिथे जावे.

‘तारा लुकलुकतो, ग्रह लुकलुकत नाही’ हा शाळेत शिकलेला नियम अतिउत्तरेत जपून वापरावा. तो नियम ग्रह उंचावर असताना खरा आहे. क्षितिजाजवळ ग्रहाचा प्रकाश हवेच्या जाड थरातून तिरका येतो आणि तेव्हा गुरूसुद्धा थरथरतो, शुक्र तर लाल-हिरव्या छटाही फेकतो. भाचीने एकदा शुक्राला विमान समजून सोडून दिले होते. तेथे ओळख पटवण्यासाठी लुकलुकण्यापेक्षा रस्त्याचा, म्हणजे शेजारच्या ताऱ्यांचा आधार घ्यावा. मात्र तारेही बदललेले असतात हे विसरू नये: ज्येष्ठा तिथे कधीच उगवत नाही, चित्रा जेमतेम ९ अंशांपर्यंत वर येते, मघा ३२ अंशांवर जाते, आणि कृत्तिका मात्र कधीच मावळत नाहीत.

क्षितिजाजवळ ग्रहाची मोबाइलमधल्या स्टेलेरियमसारख्या अ‍ॅपने दाखवलेली उंची आणि प्रत्यक्ष उंची यांत फरक पडू शकतो. हवेमुळे प्रकाश वाकून क्षितिजावरची वस्तू नेहमी सुमारे अर्धा अंश वर दिसते, पण बर्फाळ जमिनीवर थंड हवेचा थर साचला, की हा वाकडेपणा पुष्कळ वाढतो. रशियाच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रातल्या नोव्हाया झेमल्या बेटावर ७६ अंश अक्षांशावर हिवाळा काढणाऱ्या विल्यम बॅरेंट्सच्या डच खलाशांना २४ जानेवारी १५९७ रोजी सूर्य दिसला, तो अपेक्षेपेक्षा सुमारे दोन आठवडे आधी, आणि युरोपात परतल्यावर अनेकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. अ‍ॅपमध्ये ग्रह क्षितिजाला टेकलेला दाखवत असेल, तर म्हणून लगेच परत फिरू नये. दहा मिनिटे थांबावे. अ‍ॅपमध्ये आपले ठिकाण सोलापूर राहून गेलेले नाही ना, हे मात्र आधी तपासावे.

दुर्बिणीची घाई नको. ७×५० किंवा १०×५० ची साधी द्विनेत्री घेतली तरी गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. शनीचे कडे पाहायला मात्र सुमारे २५ पट मोठे दाखवणारी दुर्बीण लागते. थंडीत भिंगावर श्वास सोडू नये, लगेच बर्फाची साय धरते. मोबाइल आतल्या खिशात ठेवावा, नाहीतर बॅटरी डोळ्यांदेखत उतरते. आणि एक गोष्ट जिवाला लावून सांगतो: उत्तरेत सूर्य क्षितिजालगत तासन्‌तास तिरका सरकत असतो, तेव्हा तो पूर्ण बुडाल्याची खात्री होईपर्यंत द्विनेत्री त्या बाजूला नेऊ नये. चुकून एकदा सूर्य दुर्बिणीत आला, तर डोळा कायमचा जातो.

कोणत्या महिन्यांत पाहावे

ट्रॉम्सोत साधारण २० मे ते २२ जुलै सूर्य मावळत नाही, आणि एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मध्यरात्रीही संधिप्रकाश असतो. या काळात ग्रहांचा नाद सोडावा. सप्टेंबरपासून मार्चअखेरपर्यंत पाहावे. २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी या ध्रुवीय रात्रीत मध्यान्हाच्या आसपास चार ते सहा तास निळसर उजेड असतो आणि बाकी सगळा वेळ आकाश ग्रहांना मोकळे असते. ध्रुवीय प्रकाश आला तरी घाबरण्याचे कारण नाही, तेजस्वी ग्रह त्यातूनही दिसतात. मध्यरात्री दक्षिणेला येणारा हिवाळ्यातला ग्रह नेहमी रस्त्याच्या उंच भागात असतो, कारण सूर्य तेव्हा खालच्या भागात असतो. म्हणून डिसेंबर-जानेवारीतली प्रतियुती अतिउत्तरेसाठी सर्वांत चांगली आणि जून-जुलैमधली जवळजवळ निरुपयोगी.

१० जानेवारी २०२६ ची गुरूची प्रतियुती अशीच होती. गुरू मिथुनेत होता, म्हणजे ट्रॉम्सोत न मावळणाऱ्या पट्ट्यात. या वेळी मी भाचीला ‘सूर्यास्तानंतर’ असे काही सांगितले नाही. तिचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणून आमचे रात्रीचे आठ आणि तिचे दुपारचे साडेतीन ही वेळ धरली. तिथे तेव्हा पुरेसा अंधार झालेला असतो. गच्चीवरून मला गुरू पूर्वेला, किंचित उत्तरेकडे, अडीच मुठींवर दिसत होता. तिला मी ईशान्येला उघड्या असलेल्या किनाऱ्यावर उभे राहून एक मूठ मोजायला सांगितले. हातमोजा काढल्याचा आवाज फोनवर आला, मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग ती म्हणाली, “सापडला, मामा. अगदी मुठीच्या वर बसलाय.”